नसलेल्या ग्रहाची तपासणी

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी संस्थेच्या कॅन्टीनमध्ये दहीभात खात होते. फोन सरांचा होता. ऐकून झाल्यावर मी उरलेला भात संपवला, ताट विसळून जागेवर ठेवलं आणि जिना चढून आमच्या खोलीत गेले. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर होता. संगणकांसाठी ती खोली फार थंड ठेवत, म्हणून आम्ही दोघं भर मे महिन्यातही स्वेटर घालून बसायचो. मी माझ्या खुर्चीत बसले आणि सकाळी अर्धवट राहिलेलं काम पुढे सुरू केलं. थोड्या वेळाने सर आले. दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. "घरी जा," म्हणाले. मी म्हटलं, "हो सर, एवढं संपवते." आणि खरोखरच ते संपवून गेले.

पुढचे कित्येक महिने मी अशीच होते. रडू येत नव्हतं, झोप येत होती, भूक लागत होती. अंगावर जाड गोधडी घेऊन हिंडावं तसं वाटायचं. बाहेरचं सगळं ऐकू यायचं, पण लागायचं काही नाही.

आम्ही दोघं एकाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय होता आपल्या सूर्याशिवाय दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. असा ग्रह थेट दिसत नाही. पण फिरता फिरता तो आपल्या ताऱ्याच्या बरोबर समोरून गेला, तर ताऱ्याचा उजेड तेवढा वेळ किंचित कमी होतो. असा उजेड ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर तिथे ग्रह असण्याची शक्यता. मग पुढचा प्रश्न. तो ताऱ्यापासून किती लांब आहे, त्याच्यावर ऊन किती पडत असेल, पाणी असलंच तर ते उकळून जाईल, गोठेल की वाहतं राहील. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत असे ग्रह एकामागून एक सापडत होते, पण बहुतेक सगळे तापलेले, प्रचंड वायूचे गोळे. जिथे पाणी वाहतं राहील असा एक तरी सापडावा म्हणून जगभर लोक शोधत होते. त्यांतले दोन आम्ही.

आकाश आमच्या कामात फारसं नव्हतंच. इथल्या आणि परदेशातल्या लहान दुर्बिणींनी जमवलेली मोजमापं आमच्याकडे येत आणि आम्ही दिवसाउजेडी, खिडक्या बंद करून ती चाळत बसायचो.

मी परभणीची. चेन्नईला आले तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा हा मुलगा मला म्हणाला, "तू मराठी अहेस की?" ते मराठी आहे हे कळायलाच मला क्षणभर वेळ लागला. सूर सगळा तमिळ होता. त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांमागे दक्षिणेत आलेलं, आणि आता चेन्नईतल्याच नुंगंबाक्कममध्ये राहणारं. बाहेर ते तमिळ बोलत, कामात इंग्रजी, आणि घरात ही जुनी, वेगळी वळणं घेतलेली मराठी. माझी मराठी ऐकून तो म्हणायचा की तू बातम्या वाचतेयस असं वाटतं.

आमच्यात काय होतं, असं नंतर एक-दोघींनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. दुपारी तो फ्लास्कमधली कॉफी दोन पेल्यांत ओतायचा आणि एक माझ्याकडे सरकवायचा. तीन वर्षं हे रोज चाललं. त्याला काय म्हणायचं ते आम्ही कधी ठरवलं नाही.

शहराच्या दक्षिण टोकाला, शोळिंगनल्लूरला, त्याचा एक शाळेतला मित्र सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याला भेटून तो मोटरसायकलवरून परत येत होता. तिकडचा रस्ता रुंद करायचं काम तेव्हा चालू होतं, जागोजागी खणून ठेवलेलं. संध्याकाळी समोरून आलेली लॉरी खड्डा चुकवायला वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये तो गेला. एवढंच मला माहीत आहे. याहून जास्त मी कुणाला विचारलं नाही.

त्याच्या आईला मी काकू म्हणायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना गंमत वाटली होती, कारण त्यांच्याकडे काकू म्हणजे फक्त चुलत्याची बायको. पण मग त्यांनी चालवून घेतलं. त्यांचे यजमान आधीच वारले होते आणि मुलगा एकुलता एक. तेराव्याला मी गेले तेव्हा हॉलमध्ये नातेवाईक बसले होते. काकूंनी माझा हात धरून मला एका म्हाताऱ्या बाईंजवळ नेलं.

"ही त्याच्याबरोबर काम करत होती," त्या म्हणाल्या. "हिला विचारा. त्यानं जो ग्रह शोधला, तेथे पाणी अहे."

म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "असू शकेल असं त्याला वाटत होतं."

"वाटत होतं नव्हे," काकू शांतपणे म्हणाल्या. "अहे."

गोष्ट अशी होती की जायच्या आधी काही महिने त्याला एक तारा सापडला होता. लालसर, आपल्या सूर्यापेक्षा बराच लहान आणि थंड. त्याचा उजेड ठरावीक दिवसांनी अगदी थोडा कमी होत होता. त्याने अंतराचा हिशेब केला, तर ग्रह नेमका अशा जागी येत होता की जिथे ना फार ऊन, ना फार थंडी. त्या दिवशी त्याने कॉफी ओतताना अर्धी टेबलावर सांडली होती. मला म्हणाला, "राहण्याजोगा असेल. राहतं कुणी असेल असं नाही म्हणत मी, हे लक्षात ठेव." आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याने आईला सांगितलं. आईने पोळ्या लाटता लाटता ऐकलं, आणि त्यातलं 'असेल' तेवढं गळून गेलं.

महिन्याभराने सरांनी मला बोलावलं. त्याचं काम अर्धं पडून होतं. उजेड कमी होतो हे त्याने पक्कं केलं होतं, पण तो ग्रहामुळेच होतो का, हे तपासायचं राहिलं होतं.

"तू घेशील का हे?" सरांनी विचारलं. "नसेल जमत तर तसं सांग. मी दुसऱ्या कुणाला देतो."

"घेते," मी म्हटलं.

सरांना वाटलं असावं की मी हे त्याच्यासाठी करतेय. मला तसं काही वाटत नव्हतं. समोर काम आलं की मी ते करत होते, इतकंच.

अशा तपासण्या करायची एक रीत असते. आधी दुर्बिणीचा दोष नाही ना ते पाहायचं, मग ताऱ्यावरच्या डागांचा खेळ नाही ना ते. त्याने ते बरंचसं केलेलं होतं आणि नीट केलेलं होतं. त्याने जिथे थांबवलं तिथून मी पुढे गेले. उजेड कमी होण्याच्या सगळ्या वेळा मी एकावर एक ठेवल्या. चित्र छान येत होतं, एक उथळ खळगा. मग मी पहिली, तिसरी, पाचवी अशा वेळा एका बाजूला काढल्या आणि दुसरी, चौथी, सहावी दुसऱ्या बाजूला. एकच ग्रह पुन्हा पुन्हा समोरून जात असेल तर दोन्ही खळगे सारखेच खोल यायला हवेत.

ते सारखे नव्हते. एक जरासा जास्त खोल होता.

मी पुन्हा केलं. वेगळ्या दुर्बिणीची मोजमापं घेऊन केलं. फरक तसाच राहिला. एक आड एक खळगा खोल येतो याचा अर्थ साधारणपणे हा, की तिथे ग्रह नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत. हा त्याला झाकतो तेव्हा एक खळगा, तो ह्याला झाकतो तेव्हा दुसरा. दोघांची चमक सारखी नसते, म्हणून खळगेही सारखे नाहीत.

हे मला कळलं तेव्हा दुपार होती आणि बाहेर कुणीतरी लॉनवर पाणी मारत होतं. मला वाईट वाटेल म्हणून मी थोडी वाट पाहिली. काही झालं नाही. मी आकृती छापली आणि सरांकडे घेऊन गेले.

सरांनी ती बराच वेळ पाहिली. मग त्यांनी परदेशात त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला लिहिलं, ज्याच्याकडे मोठी दुर्बीण होती. काही आठवड्यांनी तिकडून चित्र आलं. आमच्या लहान दुर्बिणींना जो एक ठिपका दिसत होता, त्याच्या अगदी लगत आणखी एक अंधूक ठिपका होता. त्याने शोधलेला तारा हा पुढचा. अंधूक ठिपका म्हणजे त्या ताऱ्याच्या कितीतरी मागे असलेली, त्याच्याशी काही संबंध नसलेली, दोन ताऱ्यांची जोडी. उजेड कमी होत होता तो तिचा. पुढच्या ताऱ्याचा उजेड जराही हलत नव्हता.

"वाईट झालं," सर म्हणाले.

त्याच सुमाराला त्याच्या जुन्या शाळेत एक कार्यक्रम ठरला होता. शाळेने मुख्य जिन्याजवळच्या भिंतीवर मोठा फलक रंगवून घेतला होता. मध्यभागी निळा ग्रह, त्यावर पांढरे ढग, आणि खाली तमिळमध्ये आणि इंग्रजीत, की पाणी असलेला हा ग्रह आमच्या शाळेच्या विद्यार्थ्याने शोधला. फलकावरचा पडदा काकूंच्या हस्ते दूर व्हायचा होता. मला आणि सरांनाही बोलावणं होतं.

"समारंभ होऊन जाऊ दे," सर मला म्हणाले. "आपण आपला निष्कर्ष नंतर छापू. शाळेतलं कुणी आपले शोधनिबंध वाचत नाही. त्या बाईंना एवढं तरी राहू दे."

सर निर्दय नव्हते, उलट फार मऊ मनाचे होते. मी हो म्हटलं आणि बाहेर आले. पण वसतिगृहाकडे जायच्या ऐवजी मी नुंगंबाक्कमची बस पकडली. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्याने हे स्वतः तपासलं असतं, तर त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं असतं, एवढं मात्र मला माहीत होतं.

काकू जमिनीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये मा, बैस. कॉफी घालू?" मा हे तमिळमधलं, लाडाचं.

"नंतर घेईन," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर बसले. "काकू, तो ग्रह नाहीये."

"नाही म्हणजे? कोठे गेला?"

"गेला नाही. नव्हताच."

त्यांचे हात थांबले नाहीत. पानं देठांपासून ओरबाडून त्या सुपात टाकत राहिल्या. मी त्यांना सांगितलं. पुढचा तारा, मागची जोडी, तिन्हींचा उजेड मिसळून एकच ठिपका कसा दिसतो ते. समजावं म्हणून मी शेवग्याच्या दोन काड्या हातात घेऊन एकमेकींभोवती फिरवल्या. काकू काड्यांकडे बघत होत्या.

"म्हणजे त्याचं चुकलं," त्या म्हणाल्या.

"नाही. उजेड कमी होत होता हे त्याने बरोबर पाहिलं. कशामुळे, ते बघायचं राहिलं होतं. तो असता तर त्यानेच बघितलं असतं."

"आणि तू न बघतीस तर?"

"कुणीतरी बघितलंच असतं. एखाद-दोन वर्षांनी, कुठेतरी बाहेर."

"तेव्हाचं तेव्हा," त्या म्हणाल्या. "तोवर मी झोपले असते की नीट."

त्या उठल्या, सूप घेऊन आत गेल्या. आतून नळाचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिले. भिंतीवर त्याचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार घातला होता. मी त्याकडे बघू शकत होते, काहीही न होता.

बऱ्याच वेळाने त्या कॉफी घेऊन आल्या. पेला माझ्यासमोर ठेवला.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं, मला प्यायला पाणी हवं का असं विचारतायत. मग कळलं.

"ताऱ्यांवर पाणी नसतं, काकू."

"सरी," त्या म्हणाल्या. सरी म्हणजे बरं. तमिळमध्ये लोक दिवसभर म्हणतात. मी कॉफी प्यायले. निघताना त्यांनी दारात विचारलं, "शाळेत कोण सांगणार?"

"सर म्हणतात, कार्यक्रम होऊ द्या."

"आणि भिंतीवरचं ते राहणार? मुलं रोज जिना चढताना वाचणार? त्याच्या नावावर खोटं?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "नक्को. तू ये त्या दिवशी. काड्या घेऊन ये."

कार्यक्रमाला शाळेच्या जिन्यासमोरच्या अंगणात मुलं ओळीने बसली होती. काकू जांभळ्या कांजीवरम साडीत होत्या, जी त्यांनी बहुधा दुसऱ्याच कुठल्या समारंभासाठी ठेवली असावी. मुख्याध्यापिकांनी स्वागत केलं, दिवा लावला गेला. पडद्याची दोरी काकूंच्या हातात दिली. त्यांनी दोरी ओढली नाही. माइक मागितला.

त्या तमिळमध्ये बोलल्या, हळू, म्हणून मलाही कळलं. म्हणाल्या, माझ्या मुलाला वाटलं की तिथे ग्रह आहे. त्याच्या पाठीमागे ह्या मुलीने नीट पाहिलं. तिथे ग्रह नाही, दोन तारे आहेत. ते ह्याच्या आधी कुणी पाहिले नव्हते. हा फलक चुकीचा आहे. रंगवणाऱ्याने छान रंगवला असेल, त्याचा दोष नाही. पण तो बदला. मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि खाली जाऊन बसल्या.

मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला होता. सर बुटांकडे बघत होते. मी दोन मुलींना पुढे बोलावलं, एकमेकींभोवती फिरायला लावलं, तिसरीला त्यांच्यापुढे उभं केलं. मुलं हसली. चौथ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि इंग्रजीत विचारलं, "मग बाकीचे सापडलेले ग्रह खरे आहेत कशावरून?"

"असंच तपासून," मी म्हटलं. "आणि तरी त्यांतले काही उद्या चुकीचे ठरतील."

"मग तुम्ही शोधता कशाला?"

मी उत्तर दिलं. पाठ्यपुस्तकात असतं तसंच काहीतरी. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. मलाही त्या दिवसांत ते पटत नव्हतं.

पुढे फलक बदलला. चित्रकलेच्या शिक्षकांनी निळ्या ग्रहावर काळा रंग मारून दोन ठिपके काढले. आमचा निबंध छापून आला, दोन पानांचा, पहिलं नाव त्याचं. पाणी असू शकेल अशा जागी वाटलेला एक ग्रह तिथे नाही, एवढंच त्यात होतं. फसू नये म्हणून काय पाहावं, याचं उदाहरण म्हणून काही लोकांनी तो पुढे वापरला. सर म्हणाले की हेही काम कामाचंच. मी मान हलवली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात चेन्नईभर चिकुनगुन्याची साथ आली. मलाही तो झाला. ताप उतरला, पण सांधे धरले. सकाळी उठताना टाच जमिनीला टेकवत नव्हती, डब्याचं झाकण उघडत नव्हतं. मी वसतिगृहाच्या खोलीत पडून होते. घरी कळवलं नव्हतं. कुणाकडून तरी काकूंना कळलं आणि एका दुपारी त्या बसने आल्या. हातात स्टीलचा डबा, त्यात लिंबाचं सार आणि मऊ भात. वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या, मला उठवून बसवलं, सार चमच्याने पाजलं.

"आता कोणता तारा बघतेस?" त्यांनी विचारलं.

"आहे एक. दक्षिणेकडचा."

"तेथे?"

"अजून काही नका विचारू," मी म्हटलं. "तपासायचंय."

"सरी," त्या म्हणाल्या. "तपासून झालं की सांग. आधी नक्को."

मग त्यांनी माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि वाटीतलं कोमट तिळाचं तेल एकेका बोटाला लावून दाबायला लागल्या. त्यांचा अंगठा कडक होता. मधल्या बोटाच्या सांध्यावर आल्यावर कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"दुखतंय," मी म्हटलं.

कितीतरी महिन्यांत मी पहिल्यांदाच हा शब्द उच्चारला होता. त्यांनी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, सांध्यामुळे की कशामुळे ते मला ठरवता येत नव्हतं.

"दुखू दे," त्या म्हणाल्या आणि पुढचं बोट धरलं.

दोन्ही हात झाल्यावर त्यांनी तेलाची वाटी खिडकीत ठेवली, डबा धुतला, आणि ऑफिसं सुटायच्या आत बस मिळावी म्हणून लगबगीने निघून गेल्या. त्यानंतर साथ सरेपर्यंत त्या आठवड्यातून एकदा येत राहिल्या.